पान लागण्याआधी



वन्यप्राणी आणि माणूस यांच्यातल्या अंतरावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वाघ होता. ते स्वाभाविकच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात येऊन ठेपला. मग तो बार्शीच्या शिवारातही दिसू लागला. टिपेश्वरजवळच्या पांढरकवड्यापासून येडशीपर्यंत नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती जवळजवळ नांदेड शहरावरून जाते आणि पुढे लातूर जिल्हा ओलांडते. तो नेमका कुठल्या ओढ्याने गेला हे बाजूला ठेवू. पण टिपेश्वर आणि येडशी यांच्या मधे जे काही आहे, ते आपलंच आहे: आपली सोयाबीनची रानं, आपले आखाडे, आपले रस्ते. त्याने गुरं मारली. बेशुद्ध करून त्याला पकडण्याचे प्रयत्न झाले आणि ते फसले.

टिपेश्वरचाच आणखी एक वाघ २०१९ साली असाच निघाला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट आपल्याला ठाऊक आहे. ‘वॉकर’ या नावाने तो जगभर गाजला. तेलंगणातलं आदिलाबाद, इकडे हिंगोली असं करत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण चाल ३,००० किलोमीटरच्या वर भरली. दिवसा दाट झुडपात पडून राहायचं आणि रात्री चालायचं, असा त्याचा क्रम. तो जंगलातून कमी आणि शेतांतून जास्त चालला. इतक्या गावांच्या शिवेवरून जाताना माणसाशी त्याची गाठ पडल्याची घटना सांगितली जाते ती एकच. तो झुडपात विसावला असताना काही जणांचा घोळका आत शिरला आणि त्यांतल्या एकाला किरकोळ जखम झाली. वाघ माणसाकडे आला नव्हता. माणसं त्याच्याकडे गेली होती.

गावात वाघ किंवा बिबट्या आल्याची नुसती आवई उठली तरी मोटारसायकली निघतात. एका गाडीवर तिघं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. वनखात्याची माणसं प्राण्याकडे लक्ष देण्याऐवजी गर्दी हटवत बसतात. चारी बाजूंनी माणसं उभी राहिली की प्राण्याला निसटायला वाट उरत नाही, आणि मग तो जी वाट काढतो ती कुणाच्या तरी अंगावरून जाते. माझी पहिली विनंती एवढीच आहे की, वाघ दिसला तर घरी जा आणि त्याला रात्र मिळू द्या. तो आपल्या पायाने निघून जाईल.

पण आज मला वाघावर थांबायचं नाही. भारतात वाघाच्या हल्ल्यात वर्षाला शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी माणसं दगावतात. सर्पदंशाने मात्र २००० ते २०१९ या वीस वर्षांत १२ लाख माणसं गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८,०००. यातली बहुतेक माणसं खेड्यातली, आणि जवळपास निम्मी पावसाळ्याच्या महिन्यांत पान लागलेली, म्हणजे साप चावलेली. आपल्या नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत माणसाच्या सर्वांत जवळ राहणारा वन्यप्राणी साप आहे. तो वन्यप्राणी आहे याचाच आपल्याला विसर पडतो, कारण तो जंगलातून येत नाही. तो कडब्याच्या गंजीतून निघतो.

सापाच्या इतकं जवळ माणूस दोन कारणांनी जातो. एक जवळीक न मागता वाट्याला येते आणि दुसरी हौसेने केली जाते. आपलं सगळं लक्ष या दुसऱ्या जवळिकीकडे असतं, कारण तिचे व्हिडिओ निघतात. पहिलीचे निघत नाहीत, आणि माणसं पहिलीतच जास्त मरतात. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस आठवा. पीक गुडघाभर आणि दाट. बायामाणसं ओळीने खाली बसून विळ्याने कापत पुढे सरकतात. डावा हात बुडख्याशी, म्हणजे नेमका जिथे घोणस वेटोळं घालून पडलेली असते तिथे. कापलेल्या पिकाची बनीम लागते, तिच्यावर ताडपत्री येते, दाण्यासाठी उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. राखणीला माणूस त्याच बनीमशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून झोपतो. त्यानंतर हरभऱ्याचं आणि गव्हाचं पाणी. थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला शेतकरी अंधारात मोटार चालू करायला जातो आणि चिखलात अनवाणी उभा राहून दारं धरतो. पाणी बिळात शिरलं की बिळात जे असेल ते बाहेर येतं. या माणसाने सापाजवळ जायचं ठरवलेलं नसतं. विजेचं वेळापत्रक त्याला तिथे नेऊन उभं करतं.

दिवसा वीज ही मागणी आपण पिकासाठी आणि झोपेसाठी करतो. ती जिवासाठीही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचं काम चाललेलं आहे. ज्या फीडरवर ते पूर्ण होईल, तिथे सर्पदंश कमी झाले का हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरवरून कुणीतरी तपासायला हवं. आपल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी यासारखा विषय नाही.

आता दंशानंतरच्या उपचाराकडे वळताना मुखेडला येतो. नांदेड जिल्ह्यातला हा बालाघाटाच्या रांगांमधला, माळरानाचा तालुका. तिथे डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या उपचाराला सारं वैद्यकीय आयुष्य वाहिलं. दहा वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या सहाशेहून अधिक रुग्णांचा त्यांनी केलेला अभ्यास २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये छापून आला. एका तालुक्याच्या गावातल्या डॉक्टराने आपल्या रोजच्या रुग्णांच्या नोंदी नीट ठेवल्या आणि त्या देशभरातल्या डॉक्टरांच्या उपयोगी पडल्या. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला विंचूदंशावर असंच काम केलं आणि १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’पर्यंत पोचवलं. मराठवाड्याच्या मातीतली ही दोन माणसं आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवीत.

पुंडे यांच्या नोंदींत एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. साप चावून आलेल्यांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास माणसांना बिनविषारी साप चावलेला होता. म्हणजे तीन माणसांना मारुतीच्या पारावर नेलं, लिंबाचा पाला चारला, कडू लागतो का विचारलं, मंत्र टाकला, तर त्यांतली दोन बरी होणारच होती. मांत्रिकाची कीर्ती या दोघांवर उभी आहे. तिसरा मरतो तेव्हा ‘आणायला उशीर झाला’ असं सांगितलं जातं. उशीर खरंच झालेला असतो, पण तो पारावर झालेला असतो.

मण्यारीच्या बाबतीत हा उशीर सगळ्यात घातक. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात बारीक असतात, दुखत नाही, सूज नसते, खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, रात्री काहीतरी बाधलं. मग बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबतात. अशा रुग्णाला प्रतिविष लागतं आणि त्याबरोबर कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घेत राहावं लागतं, यंत्राने किंवा हाताने दाबायच्या फुग्याने, विषाचा अंमल उतरेपर्यंत. मुखेडहून नांदेडचं मेडिकल कॉलेज दीड-दोन तासांवर आहे. त्या रस्त्यावर गाडीत तो फुगा आणि तो दाबणारा माणूस आहे की नाही, यावर जगणं-मरणं ठरतं. घोणशीचं वेगळं. ती चावली की आग होते, सूज चढते, रक्त गोठणं थांबतं आणि पुढे मूत्रपिंडं निकामी होतात. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत रुग्णाचं थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून पाहायचं, गोठलं की नाही. ही तपासणी कुठल्याही उपकेंद्रात होऊ शकते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं. म्हणून साप मारून दवाखान्यात आणायची काही गरज नसते. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पान लागल्यावर घरातली माणसं काठ्या घेऊन सापामागे धावतात, त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही चावा बसतो. मेलेल्या सापाचं तोडलेलं मुंडकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. दंशाच्या वर दोरी आवळू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने ओढू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा तो हात किंवा पाय फळीला बांधा, रुग्णाला चालू देऊ नका आणि १०८ ला फोन करा.

आता हौसेच्या जवळिकीकडे वळतो.

मी प्राणिशास्त्राचा शिक्षक. माझ्या वर्गात बसलेली कितीतरी मुलं सर्पमित्र झाली. मला त्यांचा अभिमान आहे. ती नसती तर गावात निघालेला प्रत्येक साप ठेचला गेला असता. रात्री दोन वाजता फोन आला तरी ती स्वतःच्या पेट्रोलवर जातात. पण त्यांच्यातल्याच एकाच्या उजव्या हाताचं बोट घोणशीच्या दंशानंतर काढावं लागलं. तो साप त्याने बरणीत घातलेला होता. झाकण लागलेलं होतं. गर्दीतल्या एकाने म्हटलं, ‘दादा, एकदा हातात धरून दाखवा’, आणि त्याने झाकण उघडलं.

मला या प्रसंगातला पकडणारा जितका दिसतो तितकाच तो मागणारा दिसतो. साप पकडला जातो तेव्हा काम संपलेलं असतं. त्यानंतर जे चालतं, फणा काढायला लावणं, गळ्यात घालणं, तोंडाजवळ नेणं, त्यात सापाचं काही राखलं जात नाही आणि बघणाऱ्याला शिकवलंही जात नाही. उलट लहान मुलांच्या मनावर ठसतं की नाग हाताळता येतो. वरून रीलवर हजारो लोक ‘वाघ आहेस भावा’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात अनुभवी सर्पमित्र दंशाने गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. प्रत्येक बातमीत ‘शेकडो सापांना जीवदान देणारा’ असं लिहिलेलं असतं. सापाच्या विषाला मागच्या शेकड्याचा हिशोब लागत नाही.

अनुभवी म्हणजे किती अनुभवी? जोसेफ स्लोविन्स्की हे कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे सर्पतज्ज्ञ होते. सप्टेंबर २००१ मध्ये म्यानमारच्या दुर्गम डोंगरात ते संशोधन मोहिमेवर होते. पिशवीत एक लहान साप होता. तो मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप आहे अशा समजुतीने त्यांनी पिशवीत हात घातला. तो मण्यारीच्याच कुळातला निघाला. सहकाऱ्यांनी तासन्‌तास तोंडाने श्वास देऊन त्यांना जगवायची शिकस्त केली, पण हवामानामुळे मदत पोचली नाही आणि ते गेले. सापांच्या कुळांवर ज्याने आयुष्य काढलं त्या माणसाची ही चूक. आपल्याकडे कवड्या साप मण्यारीसारखा दिसतो. व्हॉट्सॅपवरच्या फोटोवरून ‘हा कवड्या आहे, धरा’ असं सांगणारी मुलं मला माहीत आहेत. कृपा करून सांगू नका.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणी पकडणं हे शिकारीतच धरलं जातं. परवानगीशिवाय साप पकडणं, बाळगणं, खेळवणं हा गुन्हा आहे. मांडूळ घेऊन फिरणारे आपल्या भागात अधूनमधून धरले जातात, कारण त्या गरीब सापाच्या नावाने गुप्तधनाचा बाजार मांडलेला आहे. केरळात वनखात्याने सर्पमित्रांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली. आकडी, नळी आणि पिशवी वापरायची, हाताने धरायचं नाही, जमावासमोर खेळ करायचा नाही आणि ‘सर्पा’ या ॲपवर नोंद करायची. तिथेच जानेवारी २०२२ मध्ये वावा सुरेश या अतिशय प्रसिद्ध सर्पमित्राला नाग पोत्यात घालताना चावला. व्हेंटिलेटरवर ठेवून डॉक्टरांनी त्यांना वाचवलं. आपल्या सरकारनेही २०२५ मध्ये सर्पमित्रांना ओळखपत्र आणि विमा देण्याचा विचार बोलून दाखवला आहे. ते व्हावं. पण ओळखपत्राबरोबर आकडीची सक्ती हवी, आणि सापाबरोबरचा व्हिडिओ टाकला की ओळखपत्र रद्द, असा नियम हवा. हे माझं मत माझ्या विद्यार्थ्यांना आवडत नाही. तरी मी ते इथे जाहीरपणे मांडतो.

‘सर, मग पंचमीचं काय?’ असं मला विचारलं जातं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची पूजा होत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी ती थांबली, आणि २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कारणासाठी २१ नाग पकडायला परवानगी दिली, तीही प्रदर्शन आणि पूजा न करण्याच्या अटीवर. पण आपली मराठवाड्याची पंचमी वेगळी आहे. आपल्याकडे बाया वारुळाला जातात, लाह्या वाहतात, गाणी म्हणतात, झोके बांधतात. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, रानात नांगर धरायचा नाही. घरात पूजा असते ती मातीच्या किंवा भिंतीवर काढलेल्या नागाची. पंचमी येते श्रावणात, म्हणजे पावसाने बिळं भरून साप बाहेर पडतात त्या दिवसांत. आपल्या आज्यांनी त्या दिवशी जमिनीला हात लावू नका असं सांगितलं. टोपलीतला नाग दारात आणून त्याला दूध पाजण्याचं काम नंतर गारुड्याने केलं. साप दूध पीत नाही. तहानेने अर्धमेला केलेला असतो म्हणून तो तोंड लावतो, आणि पुष्कळदा मरतो.

हे अंतर पक्ष्यांपासूनही राखायचं असतं. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यातली एक घटना आपल्या उदगीरची आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथे कावळे पटापट मरून पडू लागले, पन्नासाच्या वर. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं आणि १० किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र झाला. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या किवळ्यालाही हा रोग निघाला. आधीच्याच महिन्यात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने मेले होते. मेलेला पक्षी, मग तो कावळा असो की मोर, उघड्या हाताने उचलू नये आणि मुलांना उचलू देऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. माहूरच्या गडावर माकडांना हाताने खाऊ घालणाऱ्या भाविकांनाही हेच सांगणं आहे. हातातून प्रसाद घ्यायला शिकलेलं माकड पुढच्या माणसाच्या हातातून तो ओरबाडतं, आणि माकडाचा चावा म्हणजे रेबीजची इंजेक्शनं.

शेवटी पैशाबद्दल बोलायचं आहे.

वाघाने, बिबट्याने किंवा रानडुकराने माणूस मारला तर महाराष्ट्र शासन वारसांना २५ लाख रुपये देतं. ते योग्यच आहे. ही भरपाई देणाऱ्या राज्याच्या २०२३ च्या कायद्याच्या यादीत साप नाही. साप चावून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख मिळतात. त्यासाठी घरात सातबारा लागतो. पण सोयाबीन कापायला जी बाई ओळीत बसलेली असते, जिचा डावा हात बुडख्याशी असतो, तिच्या घरी बहुतेक वेळा सातबारा नसतो. उसाच्या फडात पालाखाली जमिनीवर झोपणाऱ्याकडे नसतो, सालगड्याकडे नसतो. त्यांच्या मागे राहिलेल्यांना, तेही नाव दारिद्र्यरेषेखाली असलं आणि गेलेला माणूस कमावता असला तरच, राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे २० हजार मिळतात. २५ लाख, दोन लाख, २० हजार. तिन्ही ठिकाणी माणूस वन्यप्राण्यानेच मेला. नाग तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याला मारलं तर खटला होतो, पण त्याने मारलं तर तो वन्यप्राणी धरला जात नाही. केरळात वनखातं सर्पदंशाच्या मृत्यूलाही भरपाई देतं.

माझी मागणी आहे की २०२३ च्या भरपाई कायद्याच्या यादीत विषारी साप घातला जावा, आणि भरपाईसाठी सातबाऱ्याची अट नसावी. त्याच्या जोडीला काढणीच्या हंगामाआधी मजुरांसाठी गमबूट, जाड हातमोजे आणि बॅटऱ्या यांच्यासाठी जिल्हा नियोजन समितीने पैसे ठेवावेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर फळा लावून प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत हे रोज लिहावं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा काढला आणि त्याच वर्षी प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करावी, असं राज्यांना सांगितलं. हा फळा त्यातलाच एक भाग समजून कुठलाही वैद्यकीय अधिकारी उद्यापासून लावू शकतो.

यादीत साप घालण्याचं काम विधिमंडळाचं आहे. त्यासाठी दोन्ही जिल्ह्यांतल्या ग्रामसभांचे ठराव हवेत. अशा ठरावाचा एक मसुदा मी लिहून आणला आहे. त्याच्या प्रती बाहेर दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आपल्या गावाचं नाव घालून तो येत्या ग्रामसभेत मांडा, आणि मंजूर झाला की एक प्रत आमदारांना व एक जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा.